सुट्टीत हल्ल्याच्या टापूत अडकलात तर : सोलापूरहून निघण्याआधीची आणि तिथली तयारी

२२ एप्रिल २०२५ ला पहलगामजवळच्या बैसरन पठारावर हल्ला झाला. २६ जण गेले, त्यांत महाराष्ट्रातले सहा होते. त्याच दिवशी काश्मीरमधल्या हॉटेलांत महाराष्ट्रातली असंख्य कुटुंबं सुखरूप होती, पण अडकलेली. जम्मू-श्रीनगर महामार्ग रामबनजवळच्या भूस्खलनामुळे आधीच बंद होता आणि विमानांची तिकिटं मिळेनात. अशा वेळी प्रशासन पहिल्यांदा यादी मागतं : नाव, वय, फोन, हॉटेल, परतीची तारीख. ही माहिती ज्यांच्या हाताशी असते त्यांचं काम लवकर मार्गी लागतं. म्हणून सुरुवात घरूनच करायची.

निघण्याआधी

एका कागदावर प्रत्येकाचं आधारवरचं पूर्ण नाव, वय, रक्तगट आणि रोजची औषधं लिहा. त्याखाली तारखांनुसार हॉटेलचं नाव आणि तिथल्या काउंटरचा नंबर, गाडीचा नंबर, ड्रायव्हरचा मोबाइल, तिकिटांचे पीएनआर. तिकीट कुणी काढलं तेही लिहा. एजंटनं काढलं असेल तर बहुतेक वेळा बुकिंगमध्ये मोबाइल नंबर त्याचाच असतो. मग विमान रद्द झाल्याचा मेसेज जातो त्याला, आणि तुम्ही विमानतळावर ताटकळता. तिकीट काढतानाच आपला नंबर घालायला लावा.

कागदाची एक प्रत प्रत्येक मोठ्या माणसाच्या खिशात आणि एक सोलापुरात ठेवा. लहान मुलांच्या खिशात दोन फोन नंबरांची चिठ्ठी असू द्या. पर्समध्ये किंवा सॅकमध्ये नको, कारण पळताना सॅक मागे राहते.

सोलापुरात एक माणूस नक्की करा. आईवडील नकोत, ते घाबरतात. न गडबडता लिहून घेणारा, रात्री दोनला फोन उचलणारा भाऊ, मेहुणी किंवा मित्र बघा. काही झालं तर तुम्ही फक्त त्यालाच कळवायचं आणि बाकी सगळ्यांनी त्याला विचारायचं. हे आधी ठरलं नसेल तर बातमी आल्यावर काका, मावशी, ऑफिस, सोसायटी असे पन्नास फोन एकामागून एक येतात. त्यात बॅटरी संपते आणि पोलिसांचा किंवा हॉटेलचा फोन लागत नाही.

जम्मू-काश्मीरला जाणार असाल तर आपल्याकडचं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड चालतं. निदान दोघांकडे, शक्यतो वेगवेगळ्या कंपन्यांचं, पोस्टपेड कार्ड असू द्या. दहा हजार एमएएचची पॉवर बँक हॉटेलात न ठेवता अंगावर ठेवा. औषधं सहलीच्या दिवसांपेक्षा पाच दिवस जास्तीची घ्या. बीपी आणि शुगरच्या गोळ्यांच्या बाबतीत तर हे टाळूच नका.

फोनमधली इमर्जन्सी एसओएस सोय घरीच तपासा. बऱ्याच फोनवर पॉवर बटण पाच वेळा दाबलं की ती सुरू होते आणि काही फोन त्या वेळी मोठा भोंगा वाजवतात. लपून बसलेल्या माणसाचा त्यात घात होऊ शकतो. सेटिंगमध्ये जाऊन तो आवाज आधीच बंद करा.

गोळीबार किंवा स्फोट झाला तर

फटाके असतील, गाडीचा टायर फुटला असेल, असं पहिल्यांदा वाटतं. बहुतेकांचे पहिले मोलाचे क्षण या विचारात जातात. आवाज पुन्हा आला आणि लोक एका दिशेनं पळताना दिसले की खात्री करायला थांबू नका. बघायला तर मुळीच जाऊ नका.

२६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईच्या सीएसटीवर (आताचं सीएसएमटी), म्हणजे आपली सिद्धेश्वर एक्स्प्रेस जिथून सुटते त्याच स्थानकात, लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या हॉलमध्ये गोळीबार सुरू झाला. उपनगरी गाड्यांच्या बाजूला उद्घोषक विष्णू झेंडे यांनी माइकवरून प्रवाशांना मागच्या बाजूनं बाहेर पडायला सांगितलं आणि पुष्कळ लोक वाचले. माणूस घाबरला की आलेल्या वाटेनंच परत पळतो, आणि धोका अनेकदा त्याच वाटेवर असतो. म्हणून हॉटेल, मॉल, स्टेशन, मंदिर, कुठेही शिरलात की दुसरी वाट बघून ठेवायची सवय लावा. हॉटेलात स्वयंपाकघराला बहुधा मागचं दार असतं.

पळायला वाट असेल तर सामान टाकून पळा. मुलाचा हात मनगटाजवळ धरा, बोटं निसटतात. उघड्या मैदानात असाल तर खोलगट जागा, दगडी बांध, जाड झाडांची रांग यांच्या आडोशानं लांब जा. गाडीचा पत्रा गोळी अडवत नाही. गाडीचाच आडोसा घ्यावा लागला तर इंजिनाच्या बाजूला, चाकामागे बसा. प्लायवुडचं पार्टिशन आणि काच यांचा उपयोग नाही. विटांची किंवा काँक्रीटची भिंत हवी.

पळता येत नसेल तर खोलीत शिरा, कडी लावा, दारामागे कपाट किंवा पलंग सरकवा, दिवे बंद करा. दारासमोर बसू नका, बाजूच्या भिंतीला टेकून खाली बसा. सगळ्यांचे फोन सायलेंटवर हवेत आणि व्हायब्रेशनही बंद, कारण फरशीवर ठेवलेल्या फोनची घरघर शांत खोलीत बाहेर ऐकू जाते. मग ११२ लावा : कुठे आहात, किती जण, जखमी किती. बोलणं धोक्याचं असेल तर सोलापूरच्या माणसाला एसएमएस करा. नेटवर्क कोलमडलं की कॉल लागत नाही, पण एसएमएस बऱ्याचदा जातो.

स्फोट असेल तर पहिल्यानंतर दुसरा होऊ शकतो आणि तो गर्दी जमते तिथे ठेवलेला असतो. गेटपाशी, पार्किंगमध्ये, ॲम्ब्युलन्सभोवती घोळका करू नका. बेवारस पिशव्यांपासून आणि काचेच्या दर्शनी भागांपासून लांब राहा.

व्हिडिओ टाकू नका. २६/११ ला टीव्हीवरचं थेट प्रक्षेपण बघून सीमेपलीकडचे सूत्रधार अतिरेक्यांना फोनवर सूचना देत होते. नंतर दहशतवादविरोधी कारवाईच्या थेट प्रक्षेपणावर वाहिन्यांना बंदी आली. तुमच्या मोबाइलमधल्या लाइव्हनंही तोच घात होतो : कोण कुठे लपलंय आणि जवान कुठून येताहेत ते दिसतं.

रक्त थांबवणं

मदत येईपर्यंत जखमी माणूस बहुतेकदा रक्त जाऊनच दगावतो, आणि हे काम कुणालाही जमतं. मात्र जिथे आहात तिथे गोळीबार चालू असेल तर आधी आडोसा, मग उपचार.

रक्त उसळून येत असेल तर जखमेवर सुती कापडाची घट्ट घडी ठेवा आणि दोन्ही तळहातांनी, कोपर सरळ ठेवून, अंगाचा भार देऊन दाबा. इथे आपला जाडजूड सोलापुरी टॉवेल थेट वापरला तर फसगत होते : तो रक्त पिऊन घेतो, वरून कोरडा दिसतो आणि दाब पसरून जातो. ओढणीची किंवा रुमालाची लहान घडी नेमकी रक्त येतं तिथे बसवा. टॉवेल नंतर अंगावर पांघरायला ठेवा, रक्त गेलेल्या माणसाला थंडी वाजते. दाब निदान दहा मिनिटं तरी सोडायचा नाही. थांबलं का ते उचलून बघितलं की धरू लागलेली गुठळी निघून येते. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा. जांघेत किंवा काखेत खोल जखम असेल तर कापडाची पट्टी बोटानं आत भरत जा आणि मग दाबा.

हाताला-पायाला जखम असून दाबूनही रक्त थांबत नसेल तर जखमेच्या चार बोटं वर, सांधा सोडून, ओढणीची दोन बोटं रुंद पट्टी बांधा. गाठीत काठी किंवा चमचा अडकवून रक्त थांबेपर्यंत पिळा आणि काठी बांधून टाका. खूप दुखेल, माणूस ओरडेल, तरी सैल करायचं नाही. बांधल्याची वेळ कपाळावर किंवा कागदावर लिहा. दोरी, वायर, बुटाची नाडी वापरू नका; ती मांस कापते आणि रक्त मात्र चालूच राहतं. गळ्याला असं काही बांधायचं नाही, तिथे फक्त हातानं दाबायचं. रुतलेली काच किंवा छर्रा ओढून काढू नका.

पोलीस, जवान आले की

हात रिकामे, बोटं फाकलेली, वर. मोबाइलही हातात नको, लांबून तो काय आहे ते कळत नाही. त्यांच्याकडे धावू नका, मिठी मारू नका. सुरुवातीला ते जखमींना ओलांडून पुढे जातील. तो निष्ठुरपणा नाही, आधी हल्लेखोर गाठायचा असतो. कठोर झडती होईल, होऊ द्या.

स्थानिकांवर संशय घेऊन त्यांची मदत नाकारू नका. बैसरनला गाडीरस्ता नाही, पायी किंवा घोड्यावरूनच जावं लागतं. तिथे पर्यटकांना वाचवायला पुढे आलेला घोडेवाला सय्यद आदिल हुसेन शाह मारला गेला आणि जखमींना खाली आणायला स्थानिकच धावले. घोडेवाला, शिकारावाला, ड्रायव्हर यांचे नंबर वर जाण्याआधीच घेऊन ठेवा.

अडकलेले दिवस

हॉटेलात सुखरूप असाल तर तिथेच थांबा. घाबरून रात्रीच घाटरस्त्यानं निघणं हा सगळ्यात वाईट निर्णय; नाकाबंदी, दरडी आणि न झोपलेला ड्रायव्हर, तिन्ही एकदम वाट्याला येतात. घरच्या माणसाला सकाळी आणि रात्री ठरलेल्या वेळी एक मेसेज करा : 'पाचही जण ठीक, अमुक हॉटेल, बॅटरी साठ टक्के'. तो कागदावरची यादी सोलापूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती नियंत्रण कक्षाला देईल.

परतीसाठी विमान कंपनीच्या ॲपवर स्वतः बघा. पहलगामनंतर कंपन्यांनी श्रीनगरच्या तिकिटांची तारीख बदलण्याचं आणि रद्द करण्याचं शुल्क माफ केलं होतं. म्हणून घाईनं तिकीट रद्द करून पैसे घालवण्याआधी कंपनीची सूचना वाचा. श्रीनगर विमानतळाच्या बाहेरच्या नाक्यापासूनच सामानाची तपासणी होते, तेव्हा चार तास हाताशी ठेवून निघा. रेल्वेनं यायचं तर जम्मूहून झेलम एक्स्प्रेस दौंडला आणते, तिथून सोलापूरला गाड्या पुष्कळ.

इकडे घरच्यांना भामट्यांचे फोन येऊ शकतात : 'तुमचा मुलगा दवाखान्यात आहे, ऑपरेशनला पैसे पाठवा.' पैसे पाठवण्याआधी त्या रुग्णालयाचा लँडलाइन नंबर स्वतः शोधून फोन करा.

कुणी जखमी असेल तर रुग्णालयाचे कागद, एमएलसी नंबर (पोलिसांना कळवायच्या जखमेची रुग्णालयातली नोंद) आणि एफआयआरची प्रत घेतल्याशिवाय ते शहर सोडू नका. नुकसानभरपाई आणि विमा दोन्हीसाठी हे लागतात आणि सोलापुरात बसून ते मिळवणं फार जड जातं. दहशतवादाचं कलम प्रत्येक प्रवास विम्यात नसतं. पॉलिसी घेतानाच विचारून घ्या.

परत आल्यावर मुलांना 'काय झालं ते सांग' असा आग्रह पाहुण्यांना करू देऊ नका. झोप उडणं, आवाजाला दचकणं, अंथरूण ओलं होणं पहिले काही आठवडे चालू शकतं. महिन्यानंतरही कमी होत नसेल, किंवा मोठं माणूस अबोल झालं, घराबाहेर पडेनासं झालं, तर १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं. नाहीतर सिव्हिलमध्ये मानसोपचार विभागाच्या ओपीडीत दाखवा, आणि जाताना घरातलं एक माणूस सोबत न्या.