फ्रेंचच्या पहिल्या तासाला येण्याआधी

‘पहिल्या तासाला काय आणू?’ असं दर बॅचच्या आधी कुणीतरी फोन करून विचारतं. पुस्तकाचं नाव सांगेन अशी अपेक्षा असते. पुस्तक दोन आठवड्यांनी घेतलं तरी चालेल. आधी आरसा शोधा, हातात मावेल एवढा. फ्रेंचमध्ये एक स्वर असा आहे की तो कानाआधी ओठांनी शिकावा लागतो. ‘ई’ म्हणत राहायचं, जीभ तशीच ठेवायची आणि ओठ मात्र ‘ऊ’ म्हणताना होतात तसे गोल करून पुढे काढायचे. जो आवाज निघेल तो ‘त्यू’ म्हणजे ‘तू’ या शब्दातला स्वर. ओठ मध्येच फाकतात, म्हणून आरसा. रोज पाच मिनिटं, आठवडाभर.

सकाळी गुळण्या करताना घशात पाणी कुठे खळखळतं तिकडे लक्ष द्या. फ्रेंच ‘र’ तिथून येतो. पाणी थुंकून टाका आणि तीच जागा हलकेच घासत ‘पारी’ म्हणा. हे पॅरिस, शेवटचा ‘स’ तिथले लोक उच्चारत नाहीत. मग ‘श’ लांबवत म्हणा आणि मध्येच गळ्याला आवाज द्या. बोटं गळ्यावर ठेवलीत तर थरथर जाणवेल. ‘बोंझूर’मधला ‘झ’ हा असा आहे, आपल्या झाडातला नाही.

एक गोष्ट मात्र तयारच आहे, ती घालवू नका. फ्रेंच ‘त’ आणि ‘द’ आपल्यासारखेच दातांना जीभ लावून म्हणतात. मी स्वतः इंग्रजीच्या आधाराने शिकले आणि कितीतरी महिने ‘ट’, ‘ड’ करत राहिले. ते सोडवायला शिकण्यापेक्षा जास्त वेळ गेला. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे की फ्रेंचकडे मराठीतून जा. शब्दाखाली देवनागरीत उच्चार लिहायचा असेल तर पेन्सिलीने लिहा आणि महिन्याभरात खोडून टाका, नाहीतर डोळा कायम खालची ओळ वाचत राहतो.

रविवारी गंगापूर धरणाच्या बाजूला किंवा दिंडोरीकडे जाणं झालं तर तिथल्या वायनरीत द्राक्षाच्या जातींची नावं वाचा. पिण्या-न पिण्याशी याचा संबंध नाही. नाशिककराला फुकट मिळालेला हा उच्चाराचा धडा आहे. काबेरने सोव्हिन्यों, शनँ ब्लाँ. ‘काबेरने’च्या शेवटी ‘टी’ लिहितात, ‘ब्लाँ’च्या शेवटी ‘सी’, आणि दोन्ही मुके. ‘ब्लाँ’ म्हणजे पांढरा. स्त्रीलिंगी नाम आलं की ‘ब्लाँश’. पांढरा-पांढरी करणाऱ्या आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही.

वही एकच, पण पेनं दोन रंगांची. पुल्लिंगी नाम निळ्याने, स्त्रीलिंगी लाल रंगाने. आपल्याकडे तीन लिंगं, त्यांच्याकडे दोन, त्यामुळे कल्पना समजते. पण मराठीचं लिंग तिकडे नेता येत नाही. सूर्य दोन्हीकडे पुल्लिंगी, चंद्र मात्र तिकडे स्त्रीलिंगी. आपलं नपुंसकलिंगी घर तिकडे स्त्रीलिंगी, आणि नपुंसकलिंगीच असलेलं पुस्तक तिकडे पुल्लिंगी. म्हणून नुसता शब्द कधीच लिहायचा नाही. त्याच्या आधी ‘अँ’ (पुल्लिंगी ‘एक’) किंवा ‘यून’ (स्त्रीलिंगी ‘एक’) लिहायचं. त्याऐवजी ‘ल’ आणि ‘ला’ (इंग्रजी ‘द’सारखे) लिहिलंत तर स्वराने सुरू होणाऱ्या शब्दात फसाल: शाळा म्हणजे ‘एकॉल’, ती ‘लेकॉल’ होते आणि लिंग झाकलं जातं. ‘यून एकॉल’ लिहिलंत की दिसतं.

त्याच वहीत इंग्रजीसारखे दिसणारे शब्द मागच्या पानावर ठेवा. पहिली जोडी मीच देते: आपलं नाशिकचं १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय म्हणजे ‘बिब्लिओतेक’, आणि ‘लिब्रेरी’ म्हणजे पुस्तकांचं दुकान.

आकडे १ ते २० घरून पाठ करून या. ७० पासून पुढचं मी समजावेन, पण घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना ‘चार विसा’ म्हणजे किती ते विचारून ठेवा. फ्रान्समध्ये ८० ला ‘कात्र व्हँ’ म्हणतात, म्हणजे चार विसाच. ९९ म्हणजे चार विसा आणि एकोणीस. जे गणित आपण सोडून दिलं ते त्यांनी ठेवलं. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये ७० आणि ९० ला सुटे, सोपे शब्द आहेत. ते ऐकलेत तर गोंधळू नका.

फोनमध्ये फ्रेंच कीबोर्ड टाकून घ्या. अक्षरावरच्या रेघा शोभेच्या नाहीत, त्यांनी उच्चार आणि कधी अर्थही बदलतो. ‘आरएफआय’ या फ्रान्सच्या आंतरराष्ट्रीय रेडिओवर सोप्या फ्रेंचमधल्या दहा मिनिटांच्या बातम्या मोफत मिळतात. काही कळणार नाही, तरी रोज ऐका. पोळ्या करताना, सीबीएस स्टँडहून बसने येताना. वाक्याचा चढ-उतार कानात बसू द्या.

परीक्षा द्यायची असेल त्यांनी एवढं लक्षात ठेवावं: देल्फ या फ्रेंचच्या परीक्षेची सर्वांत खालची पायरी ए-वन. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं, प्रत्येकी २५ गुण. एकूण ५० हवेत आणि कुठल्याही भागात ५ पेक्षा कमी चालत नाहीत. प्रमाणपत्र आयुष्यभर टिकतं. केंद्रासाठी पुणे किंवा मुंबईची आलियाँस फ्राँसेज ही फ्रेंच शिकवणारी संस्था, म्हणून तारखा आणि जाण्या-येण्याचा दिवस आधीच धरा.

आणि शेवटचं, जे मी पहिल्याच दिवशी विचारणार आहे. आपलं नाव रोमन अक्षरांत, फ्रेंच उच्चाराने, एकेक अक्षर सुटं करून सांगता आलं पाहिजे. इथे ‘जी’ आणि ‘जे’ यांची अदलाबदल होते: इंग्रजी ‘जी’ला तिकडे ‘झे’ म्हणतात आणि ‘जे’ला ‘झी’. गिरिजा नावाच्या मुलीने म्हणायचं: झे, ई, एर, ई, झी, आ. बॅचमध्ये जाधव, गायकवाड, जोशी असतातच, तेव्हा घरी दहा वेळा म्हणून या. हजेरी मी तशीच घेते.