व्हिसाचा नकाशा वेगळा, सिमचा वेगळा

दर वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात इथे जर्मनीत, श्टुटगार्टला नवी मंडळी येतात. कोणी मास्टर्स करायला, कोणी चाकणच्या नाहीतर पुण्याच्या ऑफिसातून इथल्या कारखान्यात. गणपतीला किंवा दिवाळीच्या फराळाला भेट होते. घर मिळालं का, बँकेत खातं उघडलं का, एवढं बोलून झालं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "ताई, पुढच्या महिन्यात पॅरिस, ब्रसेल्स, ॲमस्टरडॅम करायचंय. नेटसाठी कोणतं सिम घेऊ?"

कोणतंच नाही. फोनमध्ये जर्मन सिम आहे ना, तेच चालतं. मी असं म्हणते आणि समोरचा खूश होऊन सांगतो, "आणि येताना दोन दिवस स्वित्झर्लंड." मग मात्र मी त्याला खाली बसवते.

गोंधळ कुठे होतो ते आधी सांगते. इथे आल्यावर आपल्या डोक्यात युरोपचा एकच नकाशा असतो, व्हिसाचा. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा शिक्का आहे, म्हणजे सगळीकडे सगळं चालणार असं वाटतं. मोबाइल कंपनीला शेंगेनशी काही देणंघेणं नाही. तिचा नकाशा म्हणजे युरोपीय संघाचे २७ देश आणि त्यांच्या जोडीला नॉर्वे, आइसलँड, लिश्टनस्टाइन. १ जानेवारी २०२६ पासून युक्रेन आणि मोल्दोवाही त्यात आले. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे, पण या यादीत नाही. आयर्लंडचं बरोबर उलट: तिथे जायला आपल्याला वेगळा व्हिसा लागतो, पण सिम घरच्यासारखं चालतं. ब्रिटन दोन्हीकडून बाहेर. तुर्कस्तान, सर्बिया, बॉस्निया, अल्बानिया, झालंच तर डोंगरातलं चिमुकलं अँडोरा, हेही यादीबाहेर. युरो चालतो की नाही, हा आणखी तिसरा नकाशा, त्याचाही इथे उपयोग नाही.

मी २०१४ साली आले तेव्हा हा नकाशाच नव्हता. स्ट्रासबुर्गला जाताना ऱ्हाइन ओलांडायच्या आधी आम्ही फोनचा डेटा बंद करायचो आणि तिकडच्या कॅफेत वायफाय शोधत फिरायचो. १५ जून २०१७ पासून युरोपीय संघाने रोमिंगचा जादा आकार काढून टाकला. म्हणजे जर्मनीत जो पॅक आहे तोच फ्रान्समध्ये, इटलीत, ग्रीसमध्ये त्याच पैशांत. २०२२ मध्ये हा नियम आणखी दहा वर्षांसाठी वाढवला. त्यामुळे हा विषय आता बराच सोपा झालाय. जिथे सोपा नाही, तिथेच नेमका खिसा कापला जातो.

माझा कापला गेला तो ऱ्हाइनच्या धबधब्यापाशी. आई-बाबा पहिल्यांदा आले होते. श्टुटगार्टहून झ्युरिकला जाणारी गाडी झिंगेन सोडलं की स्वित्झर्लंडमध्ये शिरते आणि थोड्याच वेळात धबधब्याजवळचं शाफहाउझेन येतं. ना पासपोर्ट विचारायला कोणी आलं, ना गाडीत काही वेगळं जाणवलं. बाबांच्या हातात माझा जुना फोन होता, त्यात माझ्याच नावावरचं दुसरं सिम. त्यांनी धबधब्याचे शंभरेक फोटो आणि पाच-सहा व्हिडिओ काढले आणि फोन ते इमानेइतबारे क्लाउडवर चढवत बसला. जेवायच्या वेळेला "अगं, नेट गेलं वाटतं" म्हणून त्यांनी फोन माझ्याकडे दिला. नेट गेलं नव्हतं, कंपनीने बंद केलं होतं. बिल आलं ५९ युरो ५० सेंटचं.

हा आकडा लक्षात ठेवा, कारण तो योगायोग नाही. रोमिंगचा डेटा ५० युरोंवर गेला की कंपनीने तो थांबवायचा, असा नियम आहे, आणि तो युरोपीय संघाच्या बाहेरच्या देशांतही लागू होतो. त्यावर जर्मनीचा १९ टक्के कर, की झाले साडेएकोणसाठ. डेटा थांबतो तेव्हा मेसेज येतो: पुढे चालू ठेवायचं असेल तर असं असं उत्तर पाठवा. मेसेज जर्मनमध्ये असतो, आपल्याला घाई असते, आणि माणूस "हो" करून मोकळा होतो. तिथून पुढे तुमचं तुम्ही. रोमिंगमध्ये आलेल्या कुठल्याही मेसेजला भाषांतर करून वाचल्याशिवाय उत्तर देऊ नका.

प्रीपेडवाल्यांना ही भीती कमी, कारण जमा पैसे संपले की विषय संपतो. म्हणूनच नव्याने आलेल्यांना माझा सल्ला ठाम असतो: पहिलं वर्षभर प्रीपेडच ठेवा. अल्डी, लिडल या किराणा दुकानांत सिम मिळतं. अल्डीचं ओटूच्या नेटवर्कवर चालतं, लिडलचं व्होडाफोनच्या. पॅक चार आठवड्यांचा असतो, महिन्याचा नव्हे, म्हणजे वर्षाला बारा नाही, तेरा भरायचे. दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट घ्यायला कंपन्या मागे लागतात, सोबत नवा फोन दाखवतात. शूफात, म्हणजे उधारीची पत ठरवणाऱ्या इथल्या संस्थेत, तुमची नोंदच नसते, त्यामुळे कधीकधी त्या स्वतःच नाही म्हणतात, आणि ते तुमच्या भल्याचंच असतं. तरी घेतलंच असेल तर एवढं कळू द्या की डिसेंबर २०२१ पासूनच्या कायद्याने पहिली मुदत संपल्यावर ते महिन्याच्या नोटिशीवर सोडता येतं. पूर्वी क्युंडिगुंगची, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट सोडायची नोटीस द्यायची तारीख एका दिवसाने हुकली तरी आणखी एक वर्ष गळ्यात पडायचं.

सिम विकत घेणं सोपं, चालू करणं अवघड. २०१७ पासून जर्मनीत ओळख पटवल्याशिवाय प्रीपेड सिम चालू होत नाही. व्हिडिओ कॉलवर पासपोर्ट तिरका करून दाखवा, उजेडात धरा, असं पाच मिनिटं चालतं आणि शेवटी पलीकडचा माणूस भारतीय पासपोर्ट चालत नाही असं सांगून फोन ठेवतो. प्रत्येक वेळी होतं असं नाही, पण होतं. तसं झालं तर पोस्टात जाऊन ओळख पटवण्याचा पर्याय निवडा, पासपोर्ट आणि पत्त्याचा कागद न्या. रेसिडेन्स परमिटचं कार्ड हातात आलं की पुढचं सगळं सुरळीत होतं.

आता त्या पॅरिस-ॲमस्टरडॅमच्या सहलीकडे. तुमचा पॅक २५ जीबीचा असला तरी बाहेरच्या देशात २५ च्या २५ मिळतीलच असं नाही. भरपूर किंवा अमर्याद डेटा असलेल्या स्वस्त पॅकना बाहेर कमी डेटा द्यायची कंपनीला मुभा आहे. किती कमी, त्याचं गणित नियमातच दिलंय: पॅकच्या किमतीतून कर वजा करायचा, त्याला त्या वर्षीच्या ठरलेल्या घाऊक दराने (कंपन्या रोमिंगसाठी एकमेकींना लावतात त्या दराच्या मर्यादेने) भागायचं आणि दुप्पट करायचं. २०२६ चा दर जीबीला १ युरो १० सेंट. १० युरोंचा पॅक म्हणजे कर सोडून ८ युरो ४० सेंट, म्हणजे निदान १५ जीबी. एवढा डेटा आठवड्याच्या सहलीला संपवायचा म्हटलं तरी हॉटेलात रात्री सिनेमेच बघावे लागतील. आणि संपला तरी पुढच्या जीबीला त्याच घाऊक दराच्या वर आकारणी करता येत नाही, कर धरून साधारण १ युरो ३० सेंट. इथे घाबरण्यासारखं काही नाही.

यातून एक हुशारी दर वर्षी कोणाला तरी सुचते. पोलंडमध्ये किंवा रुमानियात सिम स्वस्त मिळतं, तेच आणून वर्षभर जर्मनीत वापरलं तर? कंपनी चार महिन्यांचा वापर बघते. तुम्ही आणि तुमचा डेटा निम्म्याहून जास्त काळ परदेशातच असाल तर १४ दिवसांची सूचना देऊन जादा आकार लावते. जादा आकार न घेण्याचा नियम फिरायला जाणाऱ्यांसाठी आहे. पाच-सहा महिन्यांच्या एक्स्चेंजला स्पेनमध्ये जाणाऱ्यांनीसुद्धा तिथलं सिम घेतलेलं बरं.

स्वित्झर्लंडसाठी मी काय करते? एका दिवसाची फेरी असेल तर काहीच विकत घेत नाही. आदल्या रात्री नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवते, तिकिटांचे स्क्रीनशॉट काढते आणि झिंगेनला डेटा रोमिंग बंद. दोन-तीन दिवस इंटरलाकेन, एंगेलबर्ग वगैरे असेल तर फक्त स्वित्झर्लंडचं छोटं ई-सिम, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्ये उतरवून घ्यायचं सिम. काही मोठ्या कॉन्ट्रॅक्टांमध्ये स्वित्झर्लंड आणि ब्रिटन धरलेले असतात, स्वस्त प्रीपेडमध्ये सहसा नसतात. जाहिरातीत मोठ्या अक्षरात "ईयू" लिहिलेलं असतं त्यावर जाऊ नका. प्राइसलिस्ट उघडा, त्यात "लेंडरग्रुपे" म्हणजे देशांचे गट दिलेले असतात, आणि श्वाइत्स, म्हणजे स्वित्झर्लंड, कोणत्या गटात आहे ते बघा.

सीमेवरच्या गावांत तर स्वित्झर्लंडमध्ये पाय न ठेवताही तिथल्या रोमिंगचे पैसे पडू शकतात. कोन्स्टान्झला तळ्याकाठी बसलात तर पलीकडचा टॉवर तुमचा फोन सहज उचलतो. बाझेलचं बाडिशर बानहोफ हे स्टेशन जर्मन रेल्वेचं, पण उभं आहे स्विस जमिनीवर. अशा ठिकाणी फोनच्या सेटिंगमध्ये नेटवर्क आपोआप निवडायची सोय बंद करून आपलंच नेटवर्क हाताने निवडून ठेवायचं. क्रोएशियात असाच एक सापळा आहे. स्प्लिटहून दुब्रोव्हनिकला किनाऱ्याच्या जुन्या रस्त्याने गेलं की मध्ये नेउमपाशी काही किलोमीटर बॉस्निया लागतं. २०२२ मध्ये पेल्येशाचचा पूल झाल्यापासून ते टाळून जाता येतं, पण आपली बस कोणत्या रस्त्याने जाणार ते आधी विचारून घ्या.

आई-बाबा किंवा सासू-सासरे येणार असतील तर हिशोब बदलतो. त्यांच्या पासपोर्टावर जर्मन सिम चालू करण्याच्या भानगडीत मी आता पडत नाही. प्रवासाचं ई-सिम हा बरा मार्ग, पण फोनला ते चालतं का हे तिकीट काढतानाच बघा. *#०६# दाबल्यावर आयएमईआयच्या बरोबर ईआयडी नावाचा लांबलचक नंबर दिसला तर चालतं. भारतातल्या बऱ्याच स्वस्त फोनमध्ये ते नसतं. मग भारतातूनच रोमिंग पॅक घालून येऊ दे, किंवा तुमचा हॉटस्पॉट. ई-सिम घेताना "युरोप" या शब्दावर विसंबू नका, देशांची यादी उघडून त्यात स्वित्झर्लंड आणि ब्रिटन आहेत का ते शोधा, कारण आपल्याकडची सहल या दोन देशांशिवाय पुरी होत नाही. ही सिम बहुतेक फक्त डेटाची असतात, त्यांना फोन नंबर नसतो. व्हॉट्सॲप जुन्याच नंबरवर चालू राहतं, त्यामुळे घरच्यांचं काही अडत नाही. "अनलिमिटेड" असेल तर दिवसाला किती जीबीनंतर वेग उतरतो तेही वाचा.

भारताचं सिम मात्र फोनमधून काढू नका, बँकेचा ओटीपी त्यावरच येतो. निघण्याआधी त्यावर इंटरनॅशनल रोमिंग चालू करून घ्यायचं आणि इथे उतरल्यावर त्या सिमचं डेटा रोमिंग बंद ठेवायचं. दोन सिमच्या फोनमध्ये एकाची रेंज गेली की दुसऱ्याचा डेटा आपोआप घ्यायची सोय असते, तीही बंद करा. त्या नंबरवर आलेला फोन उचलू नये. उचलला तर मिनिटाला पैसे पडतात, आणि नेमका त्याच वेळी कोणीतरी कर्ज हवंय का विचारायला फोन करतो.

एक उलटी गंमत बऱ्याच जुन्या लोकांनाही माहीत नसते. फ्रान्समध्ये उभं राहून जर्मन सिमवरून पॅरिसच्या हॉटेलला फोन केला तर तो पॅकमध्ये धरला जातो. तोच फोन श्टुटगार्टच्या घरातून केला तर पैसे पडतात, कारण ते रोमिंग नव्हे, आंतरराष्ट्रीय कॉल. त्याला कर सोडून मिनिटाला १९ सेंटांची मर्यादा आहे. बुकिंगबद्दल बोलायचं असेल तर मेल करा, नाहीतर तिथे पोचल्यावर बोला.

आणि बोटीवर चढताना फोन फ्लाइट मोडवर. स्टॉकहोमहून हेलसिंकीला जाणाऱ्या फेरीसारख्या मोठ्या बोटींवर किनारा मागे पडला की फोन बोटीवरचं सॅटेलाइटचं नेटवर्क पकडतो. दोन्ही टोकांचे देश यादीत असले तरी मधला समुद्र यादीत नाही.