आउटपुटमध्ये ‘एक्सेप्शन थ्रोन’ दिसलं म्हणून दचकू नका

लातूरच्या मोंढ्यात एका आडतीवर वजनकाट्याचा प्रोग्राम तपासत होतो. व्हिज्युअल स्टुडिओचा डीबगर, म्हणजे चालत्या प्रोग्रामवर नजर ठेवणारं साधन, जोडला, तर त्याच्या आउटपुट खिडकीत ‘एक्सेप्शन थ्रोन’ची रांगच लागली. प्रोग्राम मात्र सोयाबीनच्या पावत्या बिनबोभाट काढत होता. माझा अर्धा दिवस त्या ओळींमागं गेला.

एक्सेप्शन म्हणजे प्रोग्राम चालताना आलेल्या अडचणीची हाक, आणि ती झेलणारा कोडचा तुकडा म्हणजे कॅच ब्लॉक. विंडोजवर एक्सेप्शन फेकलं गेलं की ते आधी जोडलेल्या डीबगरला कळतं, प्रोग्रामच्या कॅच ब्लॉकला नंतर. हा ‘फर्स्ट चान्स’. कॅचनं झेललं तर विषय मिटला. मागं ती ओळ तेवढी उरते. कुणीच झेललं नाही, तर तेच एक्सेप्शन पुन्हा डीबगरकडं येतं. हा ‘सेकंड चान्स’. डीबगर जोडलेला नसता, तर प्रोग्राम इथंच आडवा झाला असता.

आमच्याकडं काट्यावरून मधेच रिकामी ओळ यायची, तिचा आकडा करताना फॉरमॅट एक्सेप्शन पडायचं आणि कॅच ते गिळून पुन्हा वजन वाचायचा. कोड गबाळा, पण बिघाड नव्हे.

खरा संशय असेल तर कंट्रोल+आल्ट+ई दाबून एक्सेप्शन सेटिंग्ज उघडा आणि त्याच एका प्रकारावर टिक करा. मग डीबगर फेकलेल्या ओळीवरच थांबतो, कॉल स्टॅक, म्हणजे कोणत्या फंक्शननं कोणाला बोलावलं याची यादी, जागेवर सापडतो. सगळ्यांवर टिक केली, तर पावलोपावली थांबेल.

ई०६डी७३६३ हा कोड दिसला, तर ते मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरनं (कोडचा चालणारा प्रोग्राम करणाऱ्या साधनानं) बनवलेल्या प्रोग्राममधलं सी++ भाषेचं एक्सेप्शन. गंमत म्हणजे त्याचे शेवटचे तीन बाइट ‘एमएससी’ ही इंग्रजी अक्षरं आहेत.