नव्या लॅपटॉपवर मशीन लर्निंग: प्रत्येक कामाला वेगळी खोली

नवा लॅपटॉप हातात आला की पहिल्याच संध्याकाळी पायटॉर्च, टेन्सरफ्लो, सायकिट-लर्न या मशीन लर्निंगच्या लायब्ररी (तयार कोडचे संच) सगळ्या एकदम टाकून मोकळं व्हावंसं वाटतं. मीही तेच केलं होतं. पुढे एका प्रोजेक्टसाठी नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीची आवृत्ती बदलली आणि नीट चालणारा दुसरा प्रोजेक्ट बंद पडला, तोही सादरीकरणाच्या आदल्या रात्री. तुमच्यावर ही वेळ येऊ नये, म्हणून विंडोज लॅपटॉप धरून सांगते.

आधी विंडोजचे सगळे अपडेट होऊ द्या आणि मशीन रीस्टार्ट करा. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सखाली एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड दिसतं का, ते बघून ठेवा. नसलं तरी अडत नाही, शिकायला साधा प्रोसेसर पुरतो.

आता पायथन, म्हणजे हे सगळं ज्या भाषेत लिहायचं ती, थेट अधिकृत साइटवरून. दर ऑक्टोबरात नवी आवृत्ती येते, पण तुम्ही एक पायरी मागची घ्या. ताज्या आवृत्तीसाठी सगळ्या लायब्ररी तयार व्हायला वेळ लागतो. इन्स्टॉलरच्या पहिल्याच खिडकीत तळाशी ‘पाथ’मध्ये पायथन जोडण्याचा चौकोन असतो. तिथे टिक करा, मगच पुढे जा. ती राहिली, तर पायथन टाकूनही कमांड प्रॉम्प्टला (कमांड टाइप करायच्या खिडकीला) ते सापडत नाही.

यानंतरची पायरी सगळ्यात महत्त्वाची: प्रत्येक प्रोजेक्टला स्वतंत्र खोली, म्हणजे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, द्यायची, म्हणजे एकीतल्या लायब्ररी बदलल्या तरी दुसरीला धक्का लागत नाही. सी ड्राइव्हवर कामाचं फोल्डर करा. नाव इंग्रजी अक्षरांत, मध्ये स्पेस नको. डेस्कटॉपवर शक्यतो नको, कारण तो अनेकदा वनड्राइव्हशी जोडलेला असतो आणि हजारो बारीक फायली अपलोड होत बसतात. त्या फोल्डरमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून टाइप करा: पायथन, हायफन एम, व्ही-ई-एन-व्ही आणि शेवटी एन्व्हायर्नमेंटचं नाव, प्रत्येकामध्ये एक स्पेस. मग त्या नावाच्या फोल्डरमधल्या ‘स्क्रिप्ट्स’मधली ‘ॲक्टिव्हेट’ चालवा. ओळीच्या सुरुवातीला कंसात तेच नाव उमटलं, की तुम्ही आत आलात. कंस दिसत नसेल तर काहीही इन्स्टॉल करू नका.

सायकिट-लर्न पिपने (पायथनसोबत येणाऱ्या, लायब्ररी टाकणाऱ्या प्रोग्रामने) मिनिटभरात येतं. पिपला पूर्ण नाव द्यायचं. ‘एसके-लर्न’ हे छोटं रूप फक्त इम्पोर्ट करताना, म्हणजे कोडमध्ये लायब्ररी वापरायला घेताना.

पायटॉर्चला मात्र सावकाश घ्या. विंडोजवर नुसतं पिप इन्स्टॉल केलं तर प्रोसेसरवर चालणारी आवृत्ती येते, आणि ग्राफिक्स कार्ड असूनही ते रिकामं बसतं. पायटॉर्चच्या साइटवर एक तक्ता आहे. त्यात विंडोज, पिप आणि कुडा (एनव्हिडियाच्या कार्डवर आकडेमोड चालवणारी प्रणाली) निवडलंत की नेमकी कमांड मिळते. डाउनलोड दोन जीबीच्या पुढेही जातं, म्हणून मोबाइल डेटावर करू नका. कुडा वेगळं टाकायची गरज नाही, एनव्हिडियाचा ड्रायव्हर अद्ययावत हवा. शेवटी पायथनमध्ये टॉर्च इम्पोर्ट करून ‘टॉर्च डॉट कुडा डॉट इज-अव्हेलेबल’ विचारा. उत्तर ‘ट्रू’ आलं की जिंकलात.

टेन्सरफ्लोचं वेगळं आहे: २.११ पासून थेट विंडोजवर त्याला ग्राफिक्स कार्ड वापरता येत नाही, त्यासाठी डब्ल्यूएसएल २ (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) लागतं.

सगळं चालू झालं की ‘पिप फ्रीझ’ची यादी (टाकलेल्या लायब्ररी आणि त्यांच्या आवृत्त्या) फायलीत साठवा. मग सायकिट-लर्नमधला आयरिस फुलांचा डेटा उघडा. तो सोबतच येतो, इंटरनेट लागत नाही. आकार विचारल्यावर १५० (फुलं) आणि ४ (प्रत्येकाची मापं) हे आकडे दिसले, की पहिलं मॉडेल लिहायला घ्या.