मूळ गाव विचारताना

कोल्हापुरात ‘पाव्हणं, गाव कुठलं?’ हा प्रश्न आपुलकीचा, जरूर विचारा. पण समोरच्यानं ‘कोल्हापूर’ सांगितलं, की तेच धरा. चेहरा किंवा बोली बघून ‘तसं नव्हे, मूळचे कुठले?’ असं खोदू नका. त्यातून ‘तुम्ही इथले नाही’ एवढंच पोचतं. नुसतं नाव सांगणाऱ्याकडं आडनावाचा आग्रहही नको. जात काढायची ही आडवाट सगळ्यांना कळते. खोली भाड्यानं देताना तर नकोच. पूर्ण नाव करारावर येतंच. (अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात शाहू महाराज मुद्दाम चहाला थांबत, ते याच शहरात.) कुतूहल असेल तर आधी स्वतःचं सांगा: ‘आमचं आजोळ गडहिंग्लजचं, घरात कन्नडही चालतं.’ मग थांबा. वाटलं तर तेही सांगतील.