लाइट गेली की आधी काय पाहावं आणि तक्रारीत काय सांगावं

लाइट गेली की आपण लगेच तक्रारीचा नंबर फिरवतो. बराच वेळ तो लागत नाही आणि लागला की पलीकडून पहिला प्रश्न येतो, "फक्त तुमचीच गेलीय की सगळ्यांची?" इथे आपण अडखळलो की तक्रार मोघम नोंदवली जाते आणि लाइनवरच्या माणसाला अंधारात शोधाशोध करावी लागते. म्हणून फोन करण्याआधी पाच मिनिटं बिघाड कुठे आहे हे पाहण्यात घालवा. सबस्टेशनमधून निघालेला फीडर (भागाला वीज आणणारी मुख्य लाइन), डीपी (जवळचा ट्रान्सफॉर्मर आणि त्याची फ्यूजपेटी), खांबावरून मीटरपर्यंतची सर्व्हिस वायर आणि घरातला बोर्ड, या चारपैकी कुठे तरी बहुधा वीज अडलेली असते.

आधी बाहेर बघा

समोरच्या घरात दिवा दिसला म्हणजे तिथे लाइट आहे असं धरू नका, तो इन्व्हर्टरवरचा असू शकतो. रस्त्यावरच्या दिव्यांची लाइन पुष्कळदा वेगळी असते, त्यामुळे त्यांच्यावरूनही खात्री होत नाही. सरळ दोन-तीन शेजाऱ्यांना विचारा. सगळा भाग अंधारात असेल तर बिघाड फीडरवर किंवा त्याच्याही मागे आहे, किंवा दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवली आहे. वीज कंपनीचा मेसेज आला होता का, तेही बघा. काही घरांत आहे आणि काही घरांत नाही, असं असेल तर बहुधा डीपीवरचा एका फेजचा (वीज आणणाऱ्या तीन तारांपैकी एकीचा) फ्यूज उडालेला असतो. फक्त तुमच्याच घरात नसेल तर मीटर आणि बोर्ड तपासायला घ्या.

मीटरचा डिस्प्ले चालू असेल तर वीज तिथपर्यंत येतेय. तो बंद असेल तर बिघाड बहुतेक मीटरच्या आधी, म्हणजे वीज कंपनीच्या बाजूला आहे. मीटर प्रीपेड असेल तर शिल्लक बघा. मीटरचं सील किंवा त्यात येणारी वायर मात्र चुकूनही हाताळू नका. घरातला मेन स्विच बंद केला तरी ती वायर जिवंतच असते.

बोर्डावर काय पडलंय

कोरडे हात, पायात चप्पल आणि हातात टॉर्च, एवढं असल्याशिवाय बोर्डाला हात लावू नका. बोर्ड ओला असेल, जळका वास येत असेल किंवा चरचर ऐकू येत असेल तर तपासणी तिथेच थांबवा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा.

एखादा एमसीबी (लोड वाढला किंवा शॉर्ट झाला की आपोआप बंद होणारा स्विच) पडला, म्हणजे बंद झाला असेल तर त्याचा खटका कधीकधी अधांतरी थांबतो आणि नुसता वर ढकलून बसत नाही. आधी पूर्ण खाली दाबा, मग वर करा. पुन्हा पडला तर त्या लाइनवर शॉर्ट आहे किंवा लोड जास्त झालाय. तो पुन्हापुन्हा उचलत राहू नका.

आरसीसीबी (करंटची गळती ओळखून वीज तोडणारा स्विच), ज्याला बरेच जण अजूनही ईएलसीबीच म्हणतात, तो पडण्याचं कारण वेगळं असतं. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट यांत फरक पडला, म्हणजे करंट कुठे तरी गळू लागला, की तो पडतो. घरगुती आरसीसीबी साधारणपणे 30 मिलीअँपिअरचा असतो. गळती अशी शोधा:

1. सगळे एमसीबी खाली करा आणि आरसीसीबी वर करा.
2. तो टिकला तर एकेक एमसीबी वर करत जा. ज्याने आरसीसीबी पडेल, त्या लाइनवर दोष आहे.
3. त्या लाइनवरच्या सगळ्या वस्तूंचे प्लग काढा आणि आरसीसीबी पुन्हा वर करा. टिकला तर प्लग एकेक करून लावत जा.

सगळे एमसीबी खाली असतानाही आरसीसीबी पडत असेल तर गोंधळू नका. एकेरी एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो आणि गळती त्या वाटेनेही होते. अशा वेळी घरभरातले प्लग उपसा. गिझर, वॉशिंग मशीन, पाण्याची मोटार आणि बाहेरच्या भिंतीवरचे दिवे, म्हणजे पाण्याशी संबंध येणाऱ्या वस्तू, आधी तपासा. दोष सापडेपर्यंत ती लाइन बंद ठेवा. आरसीसीबी बायपास करून लाइट चालू करणारा कुणी भेटला तर त्याला स्पष्ट नाही म्हणा, कारण शॉकपासून वाचवणारी तीच वस्तू आहे. जुन्या फ्यूजमध्ये जाड तार घालणंही तितकंच घातक आहे. लोड वाढला की मग तारेऐवजी भिंतीतली वायर जळते.

अर्धवट लाइट जास्त धोक्याची

लाइट पूर्ण जाण्यापेक्षा मला जास्त काळजी वाटते ती विचित्र वागणाऱ्या लाइटची. काही दिवे मंद झालेत, काही भगभगताहेत, पंखा अचानक जोरात फिरतोय, असं दिसलं तर न्यूट्रल तुटला किंवा सैल झाला असण्याची दाट शक्यता असते. फेज आणि न्यूट्रलमध्ये 230 व्होल्ट असतात, तर दोन फेजमध्ये सुमारे 400. न्यूट्रल तुटला की घरात येणारा दाब त्या 400 च्या दिशेने चढू शकतो आणि टीव्ही, फ्रिज, चार्जर एकदम जळतात. दिसताक्षणी मेन बंद करा, शेजाऱ्यांनाही सांगा आणि तक्रार करताना "लाइट गेली" न म्हणता "व्होल्टेज वरखाली होतंय, न्यूट्रल गेलाय असं वाटतं" असं सांगा.

तक्रार अशी नोंदवा

ग्राहक क्रमांक बिलावर असतो. त्याचा फोटो आजच मोबाइलमध्ये काढून ठेवा, कारण अंधारात बिल सापडत नाही. मग एवढं सांगा: लाइट किती वाजता गेली, किती घरांची गेली, मीटरचा डिस्प्ले चालू आहे का, जवळची ठळक खूण कोणती आणि खांबावर किंवा डीपीवर नंबर असेल तर तो. जाण्याआधी स्फोटासारखा आवाज झाला असेल, ठिणग्या किंवा तारेवर पडलेली फांदी दिसली असेल, तर तेही सांगा. त्यावरून कोणतं सामान घेऊन निघायचं हे ठरवता येतं. तक्रार क्रमांक लिहून घ्या. फोन लागत नसेल तर अ‍ॅप किंवा एसएमएसने नोंदवा. वेळ घालवू नका, कारण लाइट यायला उशीर झाला की मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्याही संपतात. शेजाऱ्यांनी तक्रार केली असेल तरी आपलीही नोंदवा.

तार तुटून पडली असेल तर आधी किमान 10 मीटर दूर व्हा आणि लोकांना अडवा, फोन नंतर करा. ती मेलेली दिसली तरी जिवंतच समजा. ओलं कुंपण, साचलेलं पाणी यांतूनही शॉक बसतो. गाडीवर तार पडली आणि गाडीला आग लागलेली नसेल, तर आतच बसून राहा.

लाइट येईपर्यंत

घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरसारखं यंत्र कुणासाठी चालत असेल तर बॅटरी किंवा भरलेला सिलिंडर आधीच तयार हवा. रुग्णाला दुसरीकडे हलवायचं असेल तर बॅटरी अर्धी असतानाच निघा.

फ्रिज उघडू नका. दार बंद राहिलं तर आतला थंडावा साधारण 4 तास टिकतो, गच्च भरलेला फ्रीझर सुमारे 48 तास आणि अर्धा भरलेला 24 तास. नाशवंत पदार्थ 4 अंश सेल्सिअसच्या वर 2 तासांहून जास्त राहिले तर टाकून द्या. वास किंवा चव घेऊन ठरवू नका.

इन्व्हर्टर किती चालेल याचा हिशेब सोपा आहे. 12 व्होल्ट, 150 अँपिअर-अवरच्या बॅटरीत कागदावर 1800 वॅट-अवर असतात, हाती त्यातले दोन तृतीयांश धरा. 200 वॅटचा लोड ठेवला तर साधारण सहा तास मिळतील, जुन्या बॅटरीवर त्याहून कमी. जनरेटर असेल तर तो बाहेर, दारं-खिडक्यांपासून निदान 6 मीटर लांब ठेवा. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतच माणूस जातो. जनरेटरची वायर घरातल्या सॉकेटमध्ये खुपसून सगळं घर चालवू नका. ती वीज उलटी लाइनवर जाते आणि खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतते.

मेणबत्तीपेक्षा टॉर्च बरी. इस्त्री, शेगडी, गिझर, एसी यांचे स्विच बंद करा, कारण चालू राहिलेली इस्त्री लाइट आल्यावर कुणाच्याही नकळत तापते. एक दिवा तेवढा चालू ठेवा. लाइट आल्यावर पाचेक मिनिटं तो स्थिर राहतो का बघा, मग फ्रिज आणि एसी चालू करा. कॉम्प्रेसरला पुन्हा सुरू होण्याआधी तेवढी उसंत लागतेच.

रोज ठराविक वेळी किंवा थोडा वारा-पाऊस झाला की हमखास लाइट जात असेल तर तारीख, वेळ आणि तक्रार क्रमांक वहीत टिपत जा. मग शेजाऱ्यांच्या सह्यांसह लेखी अर्ज द्या, सोबत ती टिपणं जोडा आणि पोच घ्या.