चार महिन्यांचं बिऱ्हाड

एप्रिल उजाडला की लंडनमध्ये माझा फोन वाजायला लागतो. कधी न्यू जर्सीहून मैत्रीण, कधी पुण्याहून नणंद, तर कधी नणंदेच्या सोसायटीतलं कुणीतरी, ज्यांना मी जन्मात पाहिलेलं नाही. प्रश्न एकच. "अहो ताई, मुलीला बोस्टनची अ‍ॅडमिशन मिळालीय, पण पहिलं सेमिस्टर म्हणे लंडनला करायचं. हे असं कसं? फसवाफसवी तर नाही ना?"

फसवाफसवी नाही. बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न युनिव्हर्सिटीचा 'एन.यू.इन' नावाचा कार्यक्रमच आहे: सप्टेंबर ते डिसेंबर परदेशातल्या एखाद्या शहरात शिका आणि जानेवारीत बोस्टनला या. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या लिबरल स्टडीजमधली काही मुलं तर पहिलं अख्खं वर्ष लंडन किंवा फ्लॉरेन्सला काढतात. बऱ्याच वेळा हा पर्याय तुम्ही मागितलेला नसतो. पत्रात अभिनंदन असतं आणि खाली ही अट. १ मेच्या आत डिपॉझिट भरायचं असल्यामुळे विचार करायला महिनाभरच मिळतो.

असं का करतात? सप्टेंबरात वसतिगृहं गच्च भरलेली असतात. जानेवारीत जुन्या मुलांपैकी कुणी परदेशी टर्मला जातं, कुणी को-ऑपच्या, म्हणजे अभ्यासक्रमाचाच भाग असलेल्या, नोकरीला दुसऱ्या गावी, कुणी डिसेंबरातच पदवी घेऊन बाहेर पडतं. खाटा रिकाम्या होतात, त्या खाटांवर तुम्ही. दुसरं कारण माहितीपुस्तिकेत छापत नाहीत: नव्या मुलांचे मार्क आणि किती टक्के अर्जदारांना प्रवेश दिला ते जाहीर करताना सहसा सप्टेंबरातच दाखल झालेली मुलं धरली जातात, जानेवारीतली नाहीत. माझं स्पष्ट मत सांगते, यात कॉलेजचा फायदा आधी आणि तुमचा नंतर बघितलेला आहे. पण पदवी तीच मिळते. मागच्या दाराने का होईना घरात घेतलंय ना, मग ओसरीवर रुसून बसू नका.

मी मूळची साताऱ्याची. २००२ साली लंडनला आले, हॅरोला राहते. गेल्या काही वर्षांत अशी बरीच मुलं माझ्या स्वयंपाकघरात जेवून गेली, आणि त्यांच्यात मला दोन जाती दिसल्या. एक जात बॅगच उघडत नाही. रात्रभर बोस्टनमधल्या मुलांच्या ग्रुपवर, तिथे कोण कुणाशी बोललं ते वाचत, आणि सकाळच्या तासाला झोपेत. दुसरी जात पहिल्याच आठवड्यात टीव्ही, दोन रजया, मिक्सर आणि कुंडीतलं झाड घेते, मग डिसेंबरात माझ्या दारात उभी राहते, "मावशी, हे तुमच्याकडे ठेवू?" माझं सांगणं एवढंच: रोजच्या राहण्यात कायमचं राहायला आल्यासारखे वागा, खरेदीत मात्र विंचवाचं बिऱ्हाड. या सगळ्या चार महिन्यांचा मेळ मी त्यावरच घालते.

आता कागदपत्रं. इथे तुमचं पासपोर्ट कुठलं आहे यावर सगळं फिरतं. दोन वर्षांपूर्वी एकाच विमानातून दोन मुली आल्या, एक न्यू जर्सीतल्या एडिसनची आणि एक कोथरूडची. आडनाव एकच. एडिसनवालीने अमेरिकन पासपोर्ट यंत्रावर ठेवलं आणि दहा मिनिटांत बाहेर. कोथरूडवाली माणसांच्या रांगेत दीड तास. मी बाहेर दोघींसाठी डब्यात पुऱ्या घेऊन उभी, त्यातल्या निम्म्या पहिलीनेच संपवल्या.

सहा महिन्यांच्या आतल्या शिक्षणासाठी ब्रिटनमध्ये व्हिजिटर म्हणून येता येतं, फक्त संस्था मान्यताप्राप्त हवी. अमेरिकन पासपोर्टवाल्यांना व्हिसा लागत नाही, पण जानेवारी २०२५ पासून निघण्याआधी ईटीए नावाची ऑनलाइन परवानगी काढावी लागते. भारतीय पासपोर्टवाल्यांनी रीतसर व्हिजिटर व्हिसा काढूनच यायचं. कॉलेजचं पत्र, राहण्याची सोय आणि पैशाचे कागद हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इन केलेल्या बॅगेत नको. खिडकीमागच्या माणसाला पत्र दाखवायचं असतं आणि पत्र विमानाच्या पोटात, हे मी पाहिलंय. आणि व्हिजिटरला काम करता येत नाही. कॅफेत शनिवार-रविवारचे चार तास नाहीत, सायकलवरून जेवण पोचवणं नाही, ओळखीच्यांच्या दुकानात रोख पैशावर तर मुळीच नाही. पुढच्या प्रत्येक व्हिसा अर्जात हे कुठेतरी आडवं येतं.

भारतातून येणाऱ्यांनी अमेरिकेच्या व्हिसाचा हिशेब ऑगस्टच्या आधी मांडायला हवा, डिसेंबरात नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने सांगितलं की व्हिसाची मुलाखत आपल्या देशात किंवा आपण कायम राहतो त्या देशातच द्यायची. लंडनमधले चार महिने म्हणजे कायम राहणं नव्हे. तेव्हा एफ-१ची, म्हणजे विद्यार्थी व्हिसाची, मुलाखत लंडनला निघण्याआधी मुंबईत उरकता आली तर उत्तम. ते जमणार नसेल तर डिसेंबरात घरी जाण्याचं तिकीट आणि तारीख दोन्ही धरून ठेवा. हातात व्हिसा असला तरी आय-२०वर, म्हणजे युनिव्हर्सिटीने दिलेल्या प्रवेशाच्या कागदावर, जी सुरुवातीची तारीख असेल तिच्या ३० दिवस आधीपासूनच अमेरिकेत शिरता येतं. शिवाय अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करण्याची जी सीपीटी परवानगी असते, तिला साधारणपणे एक पूर्ण शैक्षणिक वर्ष आधी व्हावं लागतं. लंडनची टर्म त्यात धरतात की नाही, हे को-ऑपच्या स्वप्नात रमण्याआधी युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसकडून लेखी घ्या. तोंडी नको.

अजून एक बोच. ऑक्टोबरात सगळा ग्रुप म्हणणार, चला पॅरिसला, सेंट पँक्रास स्टेशनातून गाडीने सव्वादोन तास. अमेरिकन पासपोर्टवाले पिशवी उचलून निघतात. तुमचा ब्रिटनचा व्हिसा तिथे चालत नाही, युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून असलेला शेंगेन व्हिसा वेगळा लागतो, आणि व्हिजिटर म्हणून आलेल्याला तो इथून मिळवणं फार अवघड. जायचंच असेल तर मुंबईतून काढून या. कोथरूडवाली त्या शनिवारी माझ्याकडे आली होती. काही बोलली नाही. मटकी निवडत बसली.

घराकडे वळू. खोली बहुधा दोघांत असते, स्वयंपाकघर सहा-आठ जणांत. पहिल्याच आठवड्यात एका मुलाने रात्री अकराला वरणाला फोडणी दिली. तेल चांगलं तापवलं, मोहरी, हिंग, सुकी मिरची, सगळं आईने सांगितलं तसंच. धुराचा अलार्म वाजला आणि सात मजली इमारत फुटपाथवर आली. पायजम्यातली, टॉवेलमधली, एकजण तर शांपूच्या फेसासकट. अग्निशमन दलाची गाडी आली. तो बिचारा पातेलं हातात घेऊन उभा, त्यावर झाकण. पुढे डिसेंबरपर्यंत त्याचं नाव 'दाल' पडलं. तेव्हा फोडणी मंद आचेवर, खिडकी उघडी, शेगडीवरचा धूर ओढणारा पंखा चालू आणि मिरची शेवटी. आणि अलार्मला पिशवी बांधायची हुशारी करू नका, त्याला दंड असतो.

भारतातून अ‍ॅल्युमिनियमचा कुकर आणत असाल तर थांबा. अनेक ठिकाणी इंडक्शन असतं, त्यावर तो तापतच नाही. बुडाला लोहचुंबक चिकटलं तरच भांडं चालेल. भारतातली उपकरणं २३० व्होल्टची, ती इथे चालतात, फक्त पिन बदलते: इथली तीन चौकोनी पायांची, आत फ्यूज असलेली. अमेरिकेतून आणलेला केस वाळवायचा ड्रायर मात्र नुसता अ‍ॅडॉप्टर लावून चालवू नका, तो १२० व्होल्टचा असतो. माझ्या भाचीचा एका मिनिटात गेला आणि आठवडाभर खोलीला जळका वास.

रजई, उशी, कोट हे सगळं आल्यावर घ्या. कोटासाठी थेट मोठ्या दुकानात जाऊ नका. इथे जवळजवळ प्रत्येक बाजारपेठेत धर्मादाय संस्थांची जुन्या वस्तूंची दुकानं असतात, त्यांना चॅरिटी शॉप म्हणतात. तिथे चांगला लोकरी कोट मिळतो आणि जाताना तिथेच परत देता येतो. लंडनची थंडी आकड्यात मोठी नाही, पण ओली आहे, हाडात शिरते. बोस्टनची जानेवारी वेगळी, तिथे गुडघाभर बर्फ. म्हणून लंडनच्या कोटावर पैसे उधळू नका, ते बोस्टनच्या बुटांसाठी ठेवा.

थंडीपेक्षा अंधाराने मुलं जास्त खचतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात, भारताशी साडेचार तासांचा फरक साडेपाच होतो, आणि डिसेंबरात चार वाजायच्या आत सूर्य मावळलेला असतो. दुपारच्या तासाहून बाहेर पडावं तर दिवे लागलेले. नोव्हेंबरात ज्या मुलाचा फोन येतो, "मावशी, मला काहीच करावंसं वाटत नाही", त्याला मी आधी विचारते, आज उजेडात बाहेर पडलास का? रोज सकाळी अर्धा तास, पाऊस असला तरी. आणि तेवढ्याने भागत नसेल तर कॉलेजच्या समुपदेशकाकडे जा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

दुखण्याखुपण्याचं थोडक्यात. जिवावर बेतलं तर ९९९, नाहीतर सल्ल्यासाठी १११. व्हिजिटरला इथलं रुग्णालय सरसकट फुकट नाही, म्हणून विम्याचा कागद फोनमध्ये ठेवा. अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय मिळत नाही. क्रोसिन म्हणा की टायलेनॉल, इथे 'पॅरासिटामॉल' मागायचं, आणि सुपरमार्केटमध्ये एका वेळी दोनच पाकिटं देतात, तेव्हा काउंटरवर वाद घालू नका. आईवडिलांसाठी एक सूचना: मुलांचं भारतीय सिम बंद करू नका, बँकेचा ओटीपी त्यावरच येतो.

एक गोष्ट आईवडिलांना आवडणार नाही, तरी सांगते. इथे अठराव्या वर्षी दारू विकत घेता येते, अमेरिकेत एकवीस लागतात. पहिल्या महिन्यात सगळेच ग्लास धरून फोटो काढतात. मुलांनो, पिणं न पिणं तुमचं, पण जानेवारीत बोस्टनला उतरलात की ती मुभा संपली, हे डोक्यात असू द्या.

अभ्यासाला हलकं समजू नका. घेतलेला प्रत्येक विषय बोस्टनच्या पदवीत कुठे बसतो, हे आल्यावर नाही, विषय निवडतानाच अ‍ॅडव्हायझरला विचारा. इंजिनिअरिंगवाल्यांचं गणित किंवा केमिस्ट्री एकदा मागे राहिली की पुढची साखळी सरकते. आणि जिथे ब्रिटिश पद्धतीने गुण देतात तिथे ६४ बघून रडू नका. इथे ७०ला फर्स्ट क्लास म्हणतात.

पोटाचं आणि मनाचं: युस्टन स्टेशनामागे ड्रमंड स्ट्रीटवर शाकाहारी भेळपुरी-डोशांची जुनी हॉटेलं आहेत. वेंबलीच्या ईलिंग रोडवर गुजराती दुकानांत सगळं मिळतं, फक्त पोह्यांना पौवा म्हणायचं आणि कढीपत्त्याला मीठो लीमडो. डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळ आहे, १९३२ साली स्थापन झालेलं. गणपती बहुतेक तुमच्या पहिल्या महिन्यातच येतात, आरतीला जा. पहिल्यांदा ओशाळं वाटेल, दुसऱ्यांदा कुणीतरी हातात झांज देईल. बसमध्ये कार्ड टेकवलं की तासाभरात पुढच्या बसेसना वेगळे पैसे पडत नाहीत, त्यामुळे घाई नसेल तर ट्यूबपेक्षा, म्हणजे भुयारी रेल्वेपेक्षा, बसच बरी. वरच्या मजल्यावर पुढे बसा.

आणि एका रविवारी प्रिमरोझ हिलजवळ १० किंग हेन्रीज रोडला जाऊन या. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब आंबेडकर तिथे राहत. महाराष्ट्र सरकारने ते घर २०१५ साली घेतलं. बाबासाहेब आधी न्यूयॉर्कला शिकले, मग लंडनला आले, मधेच शिष्यवृत्ती संपली म्हणून परत गेले आणि पुन्हा येऊन त्यांनी शिक्षण पूर्ण केलं. तुमची वाट उलट्या दिशेची, शिवाय विमानाची. मी प्रत्येक बॅचला तिथे पाठवते. 'दाल' तिथून आला तो दोन दिवस वाचनालयातच होता, पुढे परत फोडण्यांकडे वळला.

डिसेंबर मात्र आधीच ठरवून ठेवा. टर्म संपली की खोली सोडावी लागते, बोस्टनची खोली जानेवारीपर्यंत मिळत नाही, आणि मधल्या तीन आठवड्यांची तिकिटं सोन्याच्या भावाने जातात. सप्टेंबरातच काढा. २५ डिसेंबरला लंडनमध्ये ना बस चालते ना ट्यूब, त्या दिवशीचं विमान घेतलंत तर टॅक्सीवाला तोंडाला येईल तो भाव सांगतो. बोस्टनला पोचल्यावर तिथल्या मुलांचे गट जमलेले दिसतील. दिसू देत. तुम्हीही लंडनचे पंधरा-वीसजण बरोबर घेऊनच उतरता. पहिल्या आठवड्यात त्यांच्याच टेबलावर जेवा, दुसऱ्यापासून मात्र वेगळ्या.

माझ्या माळ्यावर एक मोठं खोकं आहे. त्यात स्टीलचा इंडक्शनवर चालणारा कुकर, दोन पातेली, मिसळणाचा डबा, पोळपाट-लाटणं, पिन बदलायचे चार अ‍ॅडॉप्टर आणि एक पिवळी छत्री असं दरवर्षी एका बॅचकडून दुसरीकडे जातं. सप्टेंबरात येऊन घेऊन जा, डिसेंबरात घासूनपुसून आणून द्या. कुकरची शिटी गेल्या वर्षीच्या पोरांनी हरवलीय. भारतातून येणार असाल तर तेवढी घेऊन या, तीन लिटरची.